पाचवं पाणी

१९ जानेवारी

पक्षाघातानंतर पंजाबराव भाऊजींकडे एकच शब्द उरलाय — पाणी. तांब्या पुढे केला की मान फिरवतात. सिस्टरला कळेना. त्यांच्या बायकोला, माझ्या जनकाताईला, लगेच कळलं. "त्याईले प्यायचं नाही रे. गव्हाले कितवं पाणी चालू हाये, थे इचारतात."

"दुसरं," मी सांगितलं. भाऊजी शांत झोपले.

संस्कृतात पाण्याला जीवन म्हणतात. चिखलीत जीवन नावाचा टँकरवाला आहे. दोघेही वेळेवर येत नाहीत.

२६ जानेवारी

भाची अश्विनी शेतकी कॉलेजातली. माती उकरून पाहिली, विहिरीत दोर सोडला, गहू रोज किती पितो त्याचा हिशेब मांडला. "मामा, मेळ बसत नाही. सगळ्या वावराले पुरवलं तर कुठंच दाणा भरत नाही. अर्धा सोडा."

"कोणता अर्धा?" ताईने विचारलं.

हा गहू भाऊजींनी पेरला आणि त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळले.

२ फेब्रुवारी

रस्त्याकडचा अर्धा सोडला. भाऊजींना म्हणालो, तिसरं झालं. माझ्यासारख्या बातमीदाराला अर्धसत्याचं वावडं नसतं!

११ फेब्रुवारी

विहिरीने तळ दाखवला. उरलेला अर्धाही गेल्यात जमा. अश्विनीचा नवा अंदाज — पेरलं तेवढंही निघणार नाही. बाबांना सांगून टाकू, म्हणते.

"नको व माय," ताई म्हणाली. "त्या गव्हाच्या भरोशावर उठतीन थे."

म्हणून चौथं पाणीही मीच दिलं. तोंडाने. माझी बातमी पेपरात वाचणारा माणूस असा विश्वासाने समोर बघत नसतो.

२० फेब्रुवारी

पाचवं सांगितलं. भाऊजींनी धडधाकट हात पुढे केला, बोटं एकमेकांवर चोळली. ओंबी हवी होती. ओंबी चोळून, दाणे बघून वावर कोणाचं आणि पीक सोळापैकी किती आणे येईल ते सांगायचे. गावभर बोलावणं असायचं.

ताई निघाली ती आमच्या वावराकडे नाही. शेजारच्या जानरावांच्या. त्यांच्या बोअरला अजून पाणी आहे.

भाऊजींनी ओंबी हळूहळू चोळली. फुंकर त्यांना जमेना, ताईने मारली. टपोरे दाणे. ते बराच वेळ बघत राहिले. मग दाणे ताईच्या तळहातावर ओतले आणि तिची मूठ मिटवली.

"खूश झाले," ताई मला म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

२१ फेब्रुवारी

सकाळी भाऊजी म्हणाले, "जनका."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. अख्ख्या संसारात ताईने ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. ती खाटेपाशी खालीच बसली.

"वाळला हो," म्हणाली. "समदा वाळला."

"हाव," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.