पुस्तकांना कपडे

३ जून

चि. सौ. सूनबाई,
अनेक आशीर्वाद, आणि वरती एक जास्तीचा.

सुखरूप पोचले. शेजारणीने दारातच, जाडी होऊन आलीस, असा टोमणा मारला. तो तुझ्या पाहुणचाराला.

आता गंमत ऐक. तुम्ही दोघं परगावी गेलात आणि मी घरात एकटी, रिकामी. बाहेरच्या खोलीतली ती पुस्तकांची फळी मला आल्या दिवसापासून खुपत होती. काही उभी, काही आडवी, आणि वरच्या रांगेतली तर सगळी तोंड पुढे करून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. अंगावर कपडा म्हणून नाही! मी जन्मभर गावाचे कपडे शिवले, आणि माझ्या भाच्याच्या, ढब्बूच्या घरची पुस्तकं अशी उघडी? कोपऱ्यावरून खाकी कागद आणला. प्रत्येकाचं माप घेऊन कव्हर घातलं, निसटू नये म्हणून आतून पिठाची खळ लावून पक्कं बसवलं. नावंही माझ्याच हातची. गिऱ्हाइकांची मापं लिहिता लिहिता शिकलेलं अक्षर, त्या मानाने बरं आलंय. मग उंचीप्रमाणे ओळ लावली.

काही चित्रं विचित्रच होती हं. एकावर बाईचा अर्धाच चेहरा! उरलेला छापखान्यात कापला गेला असावा. झाकला गेला ते बरंच झालं.

तुम्ही परतायच्या आत मला निघावं लागलं, म्हणून तुझा चेहरा बघायचा राहिला. तेवढा पत्रातून दाखव. ढब्बूला म्हणावं, दाढी कर.

आठवण ठेवणारी,
तुझी आत्या


९ जून

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फळी फारच नीटनेटकी दिसते. तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात. खालचा कप्पा राहिला आहे, पण त्याचं मनाला लावून घेऊ नका. आम्ही दोघं ठीक. दाढी झाली.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो तसाच राहो.

आपली,
सूनबाई


१४ जून

चि. सौ. सूनबाई,
आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरला असेल तर, आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मी इतकी फुगले की खालच्या कप्प्यासाठी कागदाचा आणखी एक गुंडाळा आणला, आणि पाठवू का म्हणून ढब्बूला फोन केला. तो म्हणाला, आत्या, आता एकही कागद नको. खोदून विचारलं तेव्हा उसळला. वरच्या रांगेतल्या सगळ्या पुस्तकांवरची चित्रं तिने काढलेली आहेत, म्हणाला. तू तिची सहा वर्षं खळीने चिकटवून टाकलीस.

फोन ठेवला तरी कान तापलेलेच. त्या अर्ध्या चेहऱ्याच्या बाईबद्दल मी काय लिहिलं ते आठवलं, आणि घरात कुणी नसताना दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. आल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, तू ऑफिसात काय काढतेस. असंच काहीतरी, म्हणालीस. मला वाटलं, बाटल्यांवरची लेबलं असतील. पुढे विचारलं नाही. न विचारता मी कुणाच्या फडक्यालाही कधी कात्री लावली नव्हती गं.

पुढच्या महिन्यात येणार होते, ते राहू दे. कुठल्या तोंडाने तुझं दार वाजवू?

मनातून काढू नकोस, एवढं म्हणायचंही धाडस होत नाही.

आत्या


२० जून

ती. आत्या,
नमस्कार. मान खाली घालूनच करते आहे.

माझं मागचं पत्र खोटं होतं. त्या दिवशी परत आल्यावर मी चप्पलही न काढता जमिनीवर बसून कव्हरं ओढायला लागले. अर्ध्या चेहऱ्याची बाई कागदाबरोबरच निघून आली. मग नळ सोडून रडले, तुम्हाला नाही नाही ते बोलले, आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून गोडगोड पत्र लिहिलं.

पण त्याहून मोठी लाज दुसरीच आहे. तुम्ही खरंच विचारलं होतंत. ऑफिसात मी एका रेघेवर तास तास बोलते, आणि तुम्हाला म्हणाले, असंच काहीतरी. माझ्या मनात होतं, यांना काय कळणार. पंधरा दिवस आपण एका घरात जेवलो, आणि त्या फळीसमोर उभं राहून, हे मी केलंय, एवढं एक वाक्य मला बोलवलं नाही. तेवढं बोलले असते तर तुम्ही कागदाला हात लावला असतात का?

फाटली ती फाटली. काही पुन्हा छापून मिळतील, काही नाही. सोबत या आठवड्यात छापून आलेलं पुस्तक पाठवते. चित्र माझं आहे.

तुम्ही आला नाहीत तर फळीकडे बघणं मला जास्तच जड जाईल. याल ना?

तुमच्या मायेवर अजून हक्क सांगणारी,
सूनबाई


२८ जून

चि. सौ. सूनबाई,
आशीर्वाद, आता जरा धीटपणे.

पुस्तक मिळालं. शिलाई मशिनच्या टेबलावर उभं केलंय, तोंड बाहेर. तो कागदाचा गुंडाळा शेजारीच पडलाय. हात शिवशिवतात, खोटं कशाला सांगू? पण कव्हर नाही घातलं. रोज कोरड्या फडक्याने पुसते, आणि पुसताना दर वेळी तुझ्या फळीची आठवण येऊन गाल तापतात. तापू देत.

शेजारणीला मोठ्या तोऱ्यात दाखवलं, आमच्या सुनेने काढलंय म्हणून. तिने चित्रावर बोट ठेवून विचारलं, खिडकीशी ही खुर्ची रिकामीच का? मला सांगता येईना. तिच्यापुढे पुन्हा खजील झाले.

येते मी. आल्यावर जमिनीवर तुझ्या शेजारी बसेन. फाटलेलं एकेक मला दाखव. बघवणार नाही, तरी दाखव.

लोभ असावा असं लिहिताना पेन अडखळतं, तरी असू दे.

तुझी आत्या

ता. क. त्या खुर्चीतून कोण उठून गेलंय, ते तेवढं कळव. आणि या वेळी असंच काहीतरी म्हणू नकोस.