ताठ बांधलेली होडी

धाकटे बंधुराज यांस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू मागितलेला नाहीस, तरी पाठवते आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? तुझ्या बायकोचा खोकला गेला का? (मी सांगितलेलं मधाचं चाटण तिने घेतलं नसणारच. माझं कोण ऐकतं!) मी ठीक आहे. म्हणजे बोटांना लागलेलं काळं तेल साबणाने जात नाही, आणि गेलेली अब्रू कशानेच परत येत नाही.

तर बाबांची होडी त्या हॉटेलवाल्याला देऊन टाक. दारात मांडून तिच्यात कुंड्याच ठेवायच्यात ना त्याला? ठेवू दे. मी होडी चालवण्याचं प्रमाणपत्र मिळवलं तर होडी माझी, नाही तर कुंड्यांची, असं आपलं ठरलं होतं. मी हरले.

इथल्या कॉलेजातला सागरी तंत्रज्ञानाचा वर्ग म्हणजे किनाऱ्यावरची पत्र्याची शेड. मधोमध टेबलावर पोट फाडलेलं डिझेल इंजिन, आणि भोवती जहाजांवर नोकरी करायला निघालेली, माझ्या नातवंडांच्या वयाची पोरं. पहिल्याच दिवशी नोकरीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मी म्हटलं, "भिंतीवर, चौकटीत." त्यांनी ते लिहून घेतलं.

इंजिनाशी माझं जमलं, हे नम्रपणे सांगते. (नम्रपणा कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवला होता, वापरायची वेळ आत्ता आली.) गाळणी बदलली, इंधनाच्या नळीतली हवा काढली, आणि सगळं इतकं लख्ख घासलं की मास्तर म्हणाले, "आजी, हे इंजिन आहे, चांदीचा चमचा नाही." आजी! स्वतःला टक्कल पडलंय त्या माणसाला.

घात केला तो दोरीने. कॉलेजची सरावाची होडी धक्क्याला बांधायचं काम परवा माझ्याकडे आलं. आमच्या कॉन्व्हेंटात सैल वेणी, सैल मोजे आणि सैल टाका ही पापं होती. पोरांच्या त्या लोंबत्या, गबाळ्या दोऱ्या पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढची दोरी ओढून ताठ केली, मागची ओढून ताठ केली, कोणाच्या बापाला सुटणार नाहीत अशा गाठी मारल्या आणि जेवून, जरा पडून यायला घरी गेले. वेळ ऐन भरतीची. पुढे काय होणार ते भूगोल शिकलेली कुठलीही मुलगी सांगेल. भूगोल शिकवणारी मात्र मीच होते. जन्मभर फळ्यावर चंद्र काढला, बाण काढले, ओहोटीला पाणी उतरतं हे पोरींकडून घोकून घेतलं. पण फळ्यावरच्या पाण्यात होडी नसते रे.

परत आले तर पाणी कुठल्या कुठे खाली गेलेलं, आणि होडी धक्क्यावरून लटकलेली, दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखी. आतले डबे, नट आवळायचे पाने, मास्तरांची छत्री, सगळं चिखलात. "ढील ठेवायची असते, आजी, ढील!" मास्तर ओरडले. मी म्हटलं, ढील देणं माझ्या स्वभावात नाही, हवं तर माझ्या भावाला विचारा. शेवटी क्रेन मागवली. क्रेनवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "ही इतक्या वर चढली कशी?"

तुला आठवतं, बाबांच्या दोऱ्या नेहमी सैल असायच्या? आई त्याला आळस म्हणायची. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "तिला जरा खालीवर होऊ दे की." त्या लटकत्या होडीखाली उभी होते आणि हेच आठवत होतं, आणि डोळ्यांत वारा गेला.

असो. आता गॅलरीत बसून विणकाम करीन. जे व्हायचं ते झालं.

तुझी,
ताई

ता. क. हॉटेलवाल्याला अजून कळवलं नसलंस तर कळवू नकोस. हे पत्र टाकायला निघाले तर वाटेत मास्तर भेटले. इंजिनात म्हणे वर्गात पहिली मी. दोरी तेवढी पुन्हा बांधून दाखवायची. दाखवली. भरती ते ओहोटी धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. होडी दिसत होती अगदी गबाळी, पण पाण्याबरोबर खाली गेली आणि तरंगत राहिली.

आणखी एक ता. क. आता रविवारी शेवटची परीक्षा. होडी खाडीच्या मुखापर्यंत नेऊन परत आणायची, आणि सोबतचा प्रवासी ज्याचा त्याने आणायचा. वर्गातली सगळी पोरं रविवारी आजारी पडणार आहेत, तसं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलंय. तुला पोहता येत नाही हे मी मास्तरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मग तर छानच! असा माणूस तुमच्याबरोबर बसतो म्हटल्यावर परीक्षकांना केवढा धीर येईल!" तेव्हा शनिवारीच ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, नुसतं बसायचंय. तुझ्या मापाचं जीवरक्षक जाकीट काढून ठेवलंय. पट्टे जरा सैलच ठेवलेत.