पहाडावरच्या सात साड्या

अण्णा,

झाशीजवळच्या बिजौलीत, तुमच्या कारखान्यात त्या दुपारी मी तुम्हाला जे बोलले, ते तुम्ही घरी कुणालाच सांगितलं नाहीत, आईलाही नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. गेल्या आठवड्यात इथे झाशीतच दवाखान्याच्या बाकावर मी माझ्या मुलीला जवळजवळ तेच बोलणार होते, म्हणून हे लिहायला बसले.

तुमचा बिस्किटांचा डबा मला नकोसा वाटायचा. त्यात काडेपेट्यांवरची चित्रं, च्युइंगगमबरोबर मिळणारे नटनट्यांचे फोटो, बड्या बाजारात सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यामागे जाऊन गोळा केलेले पर्चे. तुम्ही पन्नाशीचे स्टोअरकीपर, आणि जेवताना खलनायकाच्या आवाजात आईकडे लोणचं मागायचात. आई हसायची. मी कॉलेजात होते, मैत्रिणी आल्या की डबा पलंगाखाली सरकवायची.

त्या दिवशी तुम्ही जेवणाचा डबा विसरलात म्हणून मी तो घेऊन आले. फाटकातच कळलं की एकाचा हात मशीनच्या दोन रोलरांत अडकलाय. वीज बंद केली होती, मिस्त्री पाना घेऊन बोल्ट सोडवत होता, पण बोल्ट हलत नव्हते. तो माणूस उभ्याउभ्या पांढरा पडलाय, दात वाजताहेत. तुम्ही खांद्याने त्याला टेकू दिलाय आणि तुमच्या त्या खलनायकी आवाजात विचारताय, "सच बता, हीरोइन पहाड़ पर एक गाने में सात साड़ियाँ बदलती है. संदूक कौन उठाता है?"

तो डोळे मिटून घेतो. तुम्ही पुन्हा विचारता. मग तो म्हणतो, "हीरो का दोस्त, बाबूजी. इसीलिए तो आख़िर में वही मरता है."

आणि तो हसला. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, लाज नाही वाटत? माणूस मरतोय आणि तुम्हाला तमाशे सुचतात." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. त्याला पुढचा प्रश्न विचारलात. पाऊण तासाने हात सुटला, दोन बोटं गेली. तुमच्या शर्टाची बाही त्याने इतकी घट्ट धरली होती की ती शिवणीतून उसवली होती, हे मी पाहिलं. पाहून डबा टेबलावर ठेवला आणि बस पकडली. त्यानंतर घरात तुम्ही लोणचं साध्या आवाजात मागायला लागलात. आईने एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? तुम्ही म्हणालात, वय झालं.

आता माझ्या मुलीचं. तुम्ही गेलात तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्या मानेत गाठ आली, तपासायला तुकडा काढला, आणि त्या दिवशी रिपोर्ट मिळणार होता. आमच्या आधी तिघांची नावं पुकारायची होती. मी मनात स्तोत्र म्हणत होते आणि ही मोबाईलवर खिदळत होती. "मम्मी, ये देख ना," म्हणून तिने पुढे केलं. कुठल्याशा मालिकेतली सासू, तिचा चेहरा तीनदा जवळ येतो, तीनदा वीज कडाडते, आणि खाली लिहिलेलं, 'डॉक्टर ने कहा, पानी ज़्यादा पियो.' तोंडापर्यंत तेच शब्द आले होते, लाज नाही वाटत. तेवढ्यात सासूचा चेहरा हलताना दिसला, चौथ्यांदा. व्हिडिओ केव्हाच संपला होता, मोबाईल धरलेला तिचा हात थरथरत होता.

मी विचारलं, सासूच्या मागे पंखा कोण लावतं, केस सारखे कसे उडतात? ती म्हणाली, "बहू. उसी दिन का तो इंतज़ार है, कि पंखा गिरे." आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या बाई रागाने बघायला लागल्या. नाव पुकारलं तेव्हा तिने माझी बोटं धरली होती, आणि दुखेपर्यंत दाबली. गाठ साधी निघाली, अण्णा. औषधाने जाईल म्हणाले.

रिक्षात तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकून तुमच्याबद्दल विचारलं, नाना कसे होते? मी म्हणाले, फार गंभीर माणूस होते. का म्हणाले, कळत नाही. ते अजून दुरुस्त केलेलं नाही. तिला सांगायचं तर त्या दुपारी मी काय बोलले, तेही सांगावं लागेल.