हिरवा दिवा, गार पाइप

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं कुणाला पटणार नाही. आईला तर मुळीच नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत. तेव्हा तो नियम मोडायला तुमच्यापासूनच सुरुवात करते.

मी आयर्लंडमध्ये आहे. रिंगास्किडी नावाच्या बंदरावर औषधांचे कारखाने आहेत, त्यातल्या एकाचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आहे. तुम्हाला हे काम आवडलं असतं. इथे हिवाळ्यात उघड्यावरच्या पाइपांमधलं पाणी गोठतं, म्हणून पाइपाला लागून तापणारी केबल सोडतात, वरून ऊब धरून ठेवणारं जाड लॅगिंग गुंडाळतात, त्यावर पत्रा. हवा गार झाली की थर्मोस्टॅट केबल चालू करतो. सगळं पत्र्याखाली झाकलेलं, त्यामुळे हात लावून काही कळत नाही. पॅनेलपाशी जाऊन करंट मोजावा लागतो. तुम्ही ज्याला टाँगटेस्टर म्हणायचात, तोच चिमटा. तो हातात घेतला की अजून तुमचाच शब्द तोंडात येतो, आणि त्याचाही आज राग येतोय.

कारण बघायला मला तुम्हीच शिकवलंत. पहिलीच्या आधी मी शाळेत गेलेच नाही, माझी शाळा म्हणजे आपला ओटा. तुम्ही कंपनीतून यायचात, आई चहा टाकायची, आणि तुम्ही मला ओट्यावर बसवून दिवसभरात कुठली मोटर का जळली ते सांगायचात. गॅस बंद केलास? परत बघ. बघितलास? आता हात लावून बघ. दहावीनंतर सगळ्यांना घड्याळं मिळाली, मला तुम्ही टेस्टर दिलात, आणि मी तो उशीखाली घेऊन झोपले. आज मी घराबाहेर पडल्यावर शेगडी बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. बरोबर राहणारी, रात्रपाळी करणारी मुलगी हसते. तिला वाटतं मी काळजी करते. मी काळजी करत नाही बाबा, मी तुमचा अभ्यास करते.

आणि मग तो रविवार. तुमचे साहेब घरी चहाला आले होते. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, की कंपनीतल्या पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसचं गार्ड काढून ठेवलंय आणि काम भराभर व्हावं म्हणून, गार्ड नसताना मशीन थांबवणारा सेफ्टी स्विच तारेने बांधलाय. हे चूक का, हेही तुम्हीच चमचा आणि पोळपाट घेऊन दाखवलं होतं. मी चिवड्याची बशी घेऊन बाहेर आले आणि विचारलं, "काका, तो स्विच अजून बांधलेलाच आहे का?" साहेब हसले. "काय हो, पोरीला पण कामाला लावलंत का?" तुम्ही हसला नाहीत. "मोठ्यांच्यात बोलायचं नाही. आत जा." तुमचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी आत गेले, आणि बराच काळ आतच राहिले असं म्हटलं तरी चालेल.

पुढे आपल्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, तुमच्याच कंपनीतल्या काकांची बोटं त्या प्रेसमध्ये गेली. तुम्ही रोज त्यांच्यासाठी डबा घेऊन दवाखान्यात जात होतात. बिल्डिंगमधले म्हणायचे, माणूस असावा तर असा. आणि स्वयंपाकघरात, आई भाजी निवडत असताना, तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं होतं एकदा साहेबांना." आई म्हणाली, "मग तुमची काय चूक?" तुम्ही मान हलवलीत आणि पाणी प्यायलात. मी दारात उभी होते. एकदा! गॅस मला तीनदा बघायला लावणारा माणूस एकदा सांगून मोकळा झाला होता.

आता या हिवाळ्याचं सांगते. आमचे इथले सीनियर नागपूरचे आहेत. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारतात, मी दादा म्हणते. ही नोकरी त्यांनीच लावून दिली. विमानं बंद, आईकडे जाता येत नाही, घरातून फार लांब जायची परवानगी नाही, अशा कोविडच्या काळात वहिनी दर रविवारी दारात डबा ठेवून, लांब उभ्या राहून, मी तो उचलेपर्यंत हात हलवत राहायच्या. आमटीचा वास अंगणातच यायचा. दादांची मुलगी मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, ती मला आत्या म्हणते. इथे माझं दुसरं कुणी नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

काम होतं सेफ्टी शॉवरच्या लाइनचं. टँकरमधून कॉस्टिक सोडा, म्हणजे कातडी जाळणारं रसायन, उतरवतात तिथे उघड्यावर एक शॉवर असतो. अंगावर कॉस्टिक उडालं तर माणूस त्याखाली पळतो आणि दांडा ओढतो. पाणी आलं तर त्वचा वाचते, डोळे वाचतात. नाही आलं तर नाही. एवढं साधं आहे. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. लाइन ताब्यात देण्याच्या दिवशी दुपारी डबक्यावर बर्फाचा पापुद्रा होता आणि पॅनेलवर हिरवा दिवा होता. इथल्या इलेक्ट्रिशियनने अंगठा दाखवला. "लाइट्स ग्रीन, वी आर ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. पण तो दिवा फक्त सप्लाय आला आहे एवढंच सांगतो. केबल तापते आहे असं सांगत नाही. मी चिमटा लावला. करंट शून्य.

मी दादांकडे गेले. ते म्हणाले, "बाप्पा, किती टेन्शन घेतेस गं तू! थर्मोस्टॅटला अजून थंडी वाटली नसेल. तो तुझ्या-माझ्यापेक्षा हुशार आहे."

"पण दादा, बाहेर बर्फ आहे."

"सांगितलंस ना मला? झालं तर मग. आता ती माझी जबाबदारी. घरी जा, वहिनीने लाडू ठेवलेत तुझ्यासाठी."

आणि बाबा, मला बरं वाटलं. छाती मोकळी झाली. गाडीत बसले आणि मनात शब्द आले, मी सांगितलं होतं. जसेच्या तसे, तुमच्या सुरात, पाणी पिऊन झाल्यासारखे. मी गाडीच्या काचा खाली केल्या. तरी तो सूर कानातून जाईना. किती व्यवस्थित रुजवलंत हो तुम्ही!

सकाळी मी वेळेआधी पोचले आणि शॉवरचा दांडा ओढला. काही आलं नाही. वर पाइपात बर्फ धरला होता. थर्मोस्टॅटचा सेन्सर शोधला, तर तो बॉयलरहाऊसच्या भिंतीवर, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीला खेटून. उन्हाळ्यात दादांनीच ती जागा निवडली होती, वायर कमी लागते म्हणून. सेन्सर बिचारा गरम हवेत बसून सगळं ठीक आहे म्हणत होता. तेवढ्यात टँकर आत आला. कोविडमुळे माणसं निम्मी. प्लँटच्या ऑपरेटरने लांबूनच पॅनेलकडे पाहिलं, हिरवा दिवा बघितला आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर कॉस्टिक उतरवायची जाड नळी, होज, ओढू लागला.

मी होजच्या आणि टँकरच्या मधे जाऊन उभी राहिले. थांबा म्हणाले. ड्रायव्हर ओरडला. "युवर मॅन इज फ्युमिंग," इलेक्ट्रिशियन माझ्या कानाशी म्हणाला, म्हणजे ड्रायव्हर भडकलाय. इथे कुणाही परक्याला युवर मॅन म्हणतात, तो आपला कुणी लागत नसला तरी. दादा धावत आले. मास्क हनुवटीवर. आल्या आल्या मराठीत बोलायला लागले, हळू, चेहरा हसरा ठेवून, म्हणजे बाकीच्यांना वाटावं आम्ही वायरिंगबद्दल बोलतोय. "काय करतेयस? माझी इज्जत काढणार का सगळ्यांसमोर? बाजूला हो. आपण आपसात बघू. मोठ्या भावासारखा आहे मी तुला."

आपसात. तुम्हीही असंच म्हणाला असतात. त्या क्षणी मला दादांचा राग आलाच नाही. सगळा तुमचा आला, चिवड्याच्या बशीसकट. मी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं. मोठ्याने. म्हटलं, या शॉवरमध्ये पाणी नाही, लाइन गोठली आहे, केबल रात्रभर बंद होती, आणि हे मी काल यांना सांगितलं आहे. दादांचा चेहरा मी बघत होते. मराठीला मराठीत उत्तर मिळेल याची त्यांना इतकी खात्री होती की ते अजून हसतच होते.

ऑपरेटर चालत आला, त्याने स्वतः दांडा ओढला, वर बघितलं, आणि टँकर परत फाटकाबाहेर पाठवला. आम्ही सेन्सर काढून सावलीतल्या पाइपावर लावला. केबल सुरू झाली. दुपारी शॉवरमधून आधी गंजाचं आणि मग स्वच्छ पाणी आलं. कुणाला काही झालं नाही. कुणी मला शाबासकीही दिली नाही, कारण घडलंच नाही त्याची शाबासकी कोण देणार? तुम्हाला निदान डबे नेल्याबद्दल तरी मिळाली.

दादा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतात. इंग्रजीत. रविवारी डबा आला नाही. पुढच्याही नाही. मी फोन केला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, सध्या जरा गडबड आहे," आणि मागून ती छोटी विचारत होती, "इज दॅट आत्या?" मग फोन ठेवला गेला. तुम्हाला हे ठाऊक होतं ना? दुसऱ्यांदा बोललं की घरातून आपलं ताट उठतं, हे? तेवढ्यासाठी गप्प बसलात? मग तसं सांगायचं होतं मला. भीती वाटते म्हणायचं होतं. मी ऐकलं असतं. त्याऐवजी तुम्ही त्याला संस्कार म्हणालात.

हे आईला वाचून दाखवणार नाही. काल व्हिडिओवर ती म्हणाली, तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणाला दुखवलं नाही. मी हो म्हटलं. पत्र पुरं झालं की फाडीन, किंवा राहील कुठेतरी. मात्र एक गोष्ट तुमच्याजवळ कबूल करते, कारण ती तुम्हाला लागावी अशी माझी इच्छा आहे. या थंडीत संध्याकाळी एकटी जेवायला बसते तेव्हा मला तुमची आठवण येत नाही. दादांच्या घराची येते.