न मोजलेला फणस

दिनांक ११ जून २०२४. आज माझ्या पत्नीचे, बाळाबाईचे, दुसरे मासिक झाले. सकाळी घाटावर जाऊन आलो. मुलगी क्रांती दुपारच्या एसटीने मुरगूडला गेली. मुलगा धैर्यशील वकिलाकडून आणलेला कागद टेबलावर ठेवून कोल्हापूरला परतला. त्यावर मी सही करणार नाही. का, ते इथे लिहून ठेवतो.

मी, नृसिंह रामू चौगले, वय ७२, दूध संस्थेचा निवृत्त सचिव, राहणार धरणग्रस्त वसाहत, तालुका शिरोळ. साखरेचा आजार सोडला तर प्रकृती बरी आहे, डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही.

१. धरणात गेलेल्या गावाच्या बदल्यात सरकारने दिलेली जमीन धैर्यशीलची. पुरात ती बुडते, हे त्याला माहीत आहे. "एका पाण्यातनं उठिवलं आन् दुसऱ्या पाण्याच्या कडंला बशिवलं," असे त्याची आई म्हणायची.

२. राहते घर क्रांतीचे. आईची बोरमाळ तिच्याकडे आहे, ती तिच्याकडेच राहावी.

३. गाय बाजारात नेऊ नये. शेजारच्या झुंबरबाईंना द्यावी. बाळाबाईनंतर माझ्याखेरीज ती त्यांनाच जवळ येऊ देते.

४. जुन्या गावी आमच्या परड्यात फणस होता. तो मोबदल्यात का लिहिला नाही, असे धैर्यशील विचारतो. वगळलेल्या झाडांचे पैसे आता मागता येतात, म्हणतो. टेबलावरचा कागद त्याचाच.

मुलांनो, तुम्हाला थोरली बहीण होती. मोना. तीन महिन्यांची होऊन गेली. लहान मुलाला अग्नी देत नाहीत, म्हणून तिला त्या फणसाखाली ठेवले. पुढच्या वर्षी झाडे मोजायला साहेब आले. मोजलेले झाड सरकारचे होई आणि पाणी येण्याआधी ठेकेदार ते तोडून नेई. साहेबांनी विचारले, फणस कुणाचा? तुमची आई बुंध्यापुढे उभी राहिली.

"कुणाचाच न्हाय. आपला आपण उगावलाय."

साहेब हसले. बाई, फुकट घालवताय, म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी नोंद केली नाही, आणि ठेकेदाराने झाड तोडले नाही. पाणी चढले तेव्हा ती टेकडावर बसून होती. शेंडा दिसेनासा झाल्यावर खाली उतरली. त्यानंतर तिने घरात कधी फणस आणू दिला नाही. तुम्हाला सांगावे असे मला अनेकदा वाटले. तिला ते बोलवत नसे.

त्या झाडाचे पैसे कोणीही मागू नयेत. माझ्यामागेही नाही. ते कुणाचेच नव्हते, हेच खरे ठेवावे.

५. चुलतभाऊ हंबीरराव यांनी तेव्हा शेवगासुद्धा फणस म्हणून मोजून घेतला होता. आता आमच्या फणसाची साक्ष द्यायला तेच तयार आहेत. ती घेऊ नये. माझ्या तिरडीला त्यांनी खांदा जरूर द्यावा. स्मशानात भाषण करू नये.

६. बाळाबाईची रक्षा भावकीच्या म्हणण्याने इथल्या नदीत सोडली. मी अडवले नाही. माझी धरणाच्या पाण्यात सोडावी. तिथे आम्हा दोघांपैकी एक तरी असावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

नृसिंह रामू चौगले

साक्षीदार: डॉ. अमरसिंह घाटगे, श्रेयस कुलकर्णी, निवृत्त शिक्षक

स्थळ: धरणग्रस्त वसाहत, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

दोघे साक्षीदार चहा घेऊन गेले. कप विसळून पालथे घातले. आता धार काढायला जातो.