अंजनीच्या मुलीची बातमी

प्रिय कैलास,

माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, तुझ्या नव्या संसारात मला डोकवायचं नाही. मी अजून बदलापूरला शिरगावातच राहते. आपण वेगळे झाल्यावर लॅबचा कोर्स केला, आता उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये आहे. घरी आले की टीव्ही लावून ठेवते, कुणीतरी बोलत असावं म्हणून.

मध्यंतरी बदलापूर गावातली अंजनी तपासणीला आली. पाचवा महिना. रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, आपल्यासारखंच. आधीचं एक पोटातच गेलेलं, आणि पुढच्या बाळाला धोका नको म्हणून तेव्हा द्यायचं इंजेक्शन माझ्यासारखंच तिलाही कुणी दिलं नव्हतं. तिच्या रक्तातलं पिवळं पाणी वेगळं काढून मी पॉझिटिव्ह रक्ताच्या पेशींबरोबर जेलच्या कार्डात घातलं, ऊब दिली, मशीनमध्ये फिरवलं. पेशी तळाला बसल्या की काळजी नसते. या मात्र एकमेकींना चिकटून वरच अडकल्या. आईचं रक्त बाळाच्या रक्तावर उठलं होतं.

डॉक्टरांनी तिला मुंबईला जायला सांगितलं. सासू तयार होईना, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. ‘पोर पोटात नाचतंय, नि तुमी कसले रिपोर्ट दाखवता?’ म्हणाल्या. तेव्हा मी आपल्या मुलीचं सांगितलं. कैलास, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. तीही आठव्या महिन्यापर्यंत नाचत होती, म्हटलं. त्या उठल्या. आत जाऊन अंजनीची पिशवी भरायला लागल्या.

मुंबईत बाळाला पोटातच रक्त दिलं. मुलगी झाली. जन्मल्यावर कावीळ होती, म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलेलं. काल अंजनी तिला लॅबमध्ये घेऊन आली. गुटगुटीत झालीय. माझ्या मांडीवर ठेवली तर माझं बोटच सोडेना.

अंजनीचे पेढे खाऊन लॅबमधले सगळे कामाला लागले. घरी आले, तर ही बातमी सांगायला कुणी नाही. शेजारच्या विनिताचं दार वाजवणार होते, पण तिला आधी आपल्या मुलीचं सांगावं लागलं असतं. आणि मी तरी काय सांगणार? बाळंतपणानंतर मी शुद्धीवर येईपर्यंत तू तिला पुरून आला होतास. तिला हातात घेतलेला तू एकटाच. तेव्हा मला विचारवलं नाही, तुला सांगवलं नाही. आता सांगशील? तिला केस होते का रे? कुणासारखी दिसत होती?

तुझीच, सवयीने लिहिलं, खोडत नाही,
संजीवनी