दुसरं रीळ

जर्सी सिटी,
गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६

ती. शैलाताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सुरुवात करतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

आम्ही खुशाल आहोत. थंडी सुरू झाली. प्रतिमाचा गुडघा जरा बरा आहे. आत्ताच दत्ताची आरती आटोपून लिहायला बसलो. नकुल सुट्टीत येणार म्हणून तू माडीवरची खोली रंगवून घेतलीस, असं दाजी फोनवर म्हणाले. मी नुसतं हो हो केलं.

शनिवारी नकुलबरोबर सिनेमाला गेलो होतो. इथल्या लायब्ररीत शनिवारी दुपारी चिनी सिनेमे दाखवतात. तो ते चुकवत नाही. प्रतिमा म्हणाली, "पोरगं बाकी कुठे जात नाही. एकदा सोबत जाऊन तर बघा." नकुल म्हणाला, "बाबा, गाणी नाहीत, फायटिंग नाही. यू विल स्लीप." म्हटलं, "झोपलो तर उठव."

नाही झोपलो. सिनेमात एक आडगाव होतं. कारखाना बंद पडलेला, पाडायच्या घरांच्या भिंतींवर चुन्याच्या खुणा. एक विशीतला मुलगा दिवसभर रस्त्याकडेच्या बिलियर्डच्या टेबलापाशी उभा. वाईट नाही, पण काही करतही नाही. विचारलं तर खांदे उडवतो. बाप त्याच कारखान्यातला. जेवताना तो मुलाकडे न बघता भाताचा वाडगा पुढे सरकवतो. ताई, मीही हल्ली ताट तसंच सरकवतो.

शेवटी बाप ठरवतो, याला दूर शहरात काकाकडे पाठवायचं. मुलगा पिशवी घेऊन हमरस्त्यावर उभा राहतो. लांबून बस येताना दिसते, आणि पडदा काळा.

दिवे लागले, लोक उठले. मी बसूनच.

"बाबा, इट्स ओव्हर."

"थांब रे. दुसरं रीळ यायचंय."

"कसलं रीळ?"

मग त्याला आपल्या जत्रेतला तंबू सांगितला. दोन गावांत मिळून सिनेमाच्या रिळांची एकच पेटी. पहिलं रीळ संपलं की तंबूत अंधार, कारण दुसरं शेजारच्या गावाहून सायकलवर यायचं. लोक शिव्या घालत घरी निघायचे. मीही उठायचो. तू माझा सदरा धरून खाली ओढायचीस, "गुरू, बस. येतंय."

नकुल हसला. किती महिन्यांनी हसला! लायब्ररीतल्या बाई खुर्च्या आवरायला लागल्या, तरी आम्ही दोघे आपले बसलेलो.

"तो चढला असेल का रे बसमध्ये?" मी विचारलं.

"त्याला कुणी विचारलंच नाही ना, चढायचंय का."

ताई, आता लिहितोच. नकुल तुझ्याकडे येणार होता, तो सुट्टी म्हणून नव्हे. त्याने वसंतातच कॉलेज सोडलंय. दिवसभर खोलीत असतो. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "बाबा, तुमच्या फ्लोअरवर कितीजण उरले? आणि मी तेच शिकू?" आमच्या ऑफिसचं कॉम्प्युटरचं काम पुण्याला गेलं, निम्मी टेबलं ओस पडली. मी त्याला न विचारता तुझ्याकडचं तिकीट काढलं. वाटलं, तुझ्या हाताखाली सरळ होईल. तुलाही खरं सांगायची लाज वाटली.

लायब्ररीच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा विचारलं, "जायचंय का तुला आत्याकडे?"

त्याने जॅकेटची चेन वर ओढली. मग म्हणाला, "आत्ता नको. मे बी समरमध्ये. कॅमेरा घेऊन. तो तंबू अजून लागतो का?"

"आत्याला विचारतो. आणि तोवर काय करशील?"

"आय डोन्ट नो." खांदे उडवले, पण या वेळी माझ्याकडे बघून.

तिकीट कॅन्सल केलं. तुझी तयारी फुकट गेली, रागाव हवं तर. पण खोली मोडू नकोस. खिडकी उघडी ठेव, रंगाचा वास जाईल. आणि जत्रेत अजून तंबू येतो का, एवढं कळव. पोरगं रोज विचारतंय.

इतके दिवस दत्तमहाराजांपुढे म्हणायचो, पोराला मार्गाला लाव. आज म्हटलं, मला अंधारात बसून राहता येऊ दे.

तुझाच, तू सदरा धरून बसवलेला,
गुरुनाथ